आजारी कुत्र्याचें पान

जेवावयास बसण्यापूर्वीं अन्नाचा कांहीं भाग गाय, कावळा व कुत्रा यांच्यासाठीं बाजूस काढण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. वैश्वदेव आतां थोड्याच घरीं होत असला, तरी दारांत आलेल्या कुत्र्यास पोळीचा तुकडा टाकल्यावांचून ज्यांच्या घशाखालीं घास उतरत नाहीं, अशीं कुटुंबें अजूनहि पुष्कळ आहेत. या रीतीच्या मुळाशीं असलेली भूतदया वंद्यच होय. परंतु घरांत बाळगलेल्या व जुनाट दुखण्यानें ग्रासलेल्या कुत्र्यास तीच रीत विचार न करितां लावली, म्हणजे दयेचा अपाय कसा होतो, हें आम्हीं आमच्याच घरीं पाहिलें. तो अनुभव, आणि त्या निमित्तानें पशुवैद्यांकडून व वाचनांतून मिळालेली माहिती, वाचकांपुढें ठेवावी एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या धाकट्या चिरंजीवांनीं एका पावसाळ्यांत रस्त्यावरून उचलून आणलेलें पिल्लूं आमच्याकडे वाढलें. त्याचें नांव खंड्या. दहा वर्षें त्यास औषध म्हणून कधीं लागलें नाहीं. अकराव्या वर्षीं मात्र तो पाणी फार पिऊं लागला, रात्रीं दोन-दोनदां बाहेर नेण्यासाठीं दार खरवडूं लागला, आणि पाठीचीं हाडें हातास लागूं लागलीं. म्हातारपण आलें, अशक्तपणा आला, असें आम्हीं ठरविलें. आणि अशक्तपणावर घरोघरीं जो उपाय करितात तोच केला. दूध वाढविलें, तुपाची धार सढळ केली. तरीहि तो खंगतच गेला, व एके दिवशीं त्यानें भरल्या ताटलीचा वास घेऊन तोंड फिरविलें, तेव्हां आम्ही त्यास पशुवैद्यांकडे घेऊन गेलों.

रक्त व लघवी यांची तपासणी झाली. नंतर वैद्यांनीं विचारलें, "गुरुजी, हा दिवसभरांत काय काय खातो?" आमचें उत्तर तयार होतें: "दूध-भात, सकाळीं आणि संध्याकाळीं." ते हंसले व म्हणाले, "घरांतल्या प्रत्येकानें आपापल्या हातानें सात दिवस लिहून ठेवावें, आणि तो कागद मला दाखवावा." आयुष्यभर हजेरीपट भरलेल्या मनुष्यास हें काम कठीण नव्हतें. एक वही घेतली, रकाने पाडले, व ती स्वयंपाकघराच्या दाराशीं टांगली.

सात दिवसांनीं ती वही वाचतांना आम्ही खजील झालों. आमच्या कुटुंबाच्या रकान्यांत सकाळची तूप लावलेली पोळी होती. सूनबाईंच्या रकान्यांत उरलेला आमटी-भात व पापडाचे तुकडे होते. नातवाच्या रकान्यांत चहाबरोबरचीं बिस्किटें व चीजच्या वड्या होत्या. आमचा रकाना तेवढा रिकामा होता. तो रिकामा कां, असें नातवानें विचारलें, तेव्हां आम्हांस आठवलें कीं, रोज रात्रीं निजण्यापूर्वीं दुधावरची साय आम्ही त्यास बोटानें चाटवीत असूं. तें 'खाणें' आहे, हें आमच्या मनांतहि आलें नव्हतें.

खंड्याचीं मूत्रपिंडें क्षीण झालीं होतीं. मूत्रपिंडांची सुमारें तीन-चतुर्थांश शक्ति नष्ट होईपर्यंत रक्तांतील क्रिएटिनिनचें प्रमाण सहसा ठळकपणें वाढत नाहीं; म्हणून रोग कळतो तेव्हां तो बराच पुढें गेलेला असतो, व गेलेली शक्ति परत येत नाहीं. उरलेली शक्ति किती दिवस पुरवावयाची, एवढाच प्रश्न असतो. आणि त्यांत औषधाइतकाच, किंबहुना अधिक, वांटा अन्नाचा असतो. शरीरांत आलेलें जादा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बाहेर टाकणें हें मूत्रपिंडांचें एक काम. तें त्यांस जमेनासें झालें म्हणजे स्फुरद रक्तांत सांचतें, शरीर हाडांतला चुना उपसूं लागतें, आणि मूत्रपिंडें अधिकच बिघडतात. हें स्फुरद दूध, चीज, अंड्याचा बलक, हाडें व मांस यांत विपुल असतें. म्हणजे शक्ति यावी म्हणून आम्ही जें जें वाढवीत होतों, त्यांतील बरेंच त्याच्या रोगास पोषक होतें! पापडांतील मिठानें त्यांत भर घातली होती.

रोगी कुत्र्यासाठीं निराळें अन्न रांधण्याची कल्पना आधुनिक काळांत कशी रुजली, हें वाचण्यासारखें आहे. इ.स. १९३९ च्या सुमारास अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत डॉ. मार्क मॉरिस नांवाचे पशुवैद्य होते. मॉरिस फ्रँक नांवाचे एक अंध गृहस्थ आपल्या वाटाड्या कुत्र्यास घेऊन त्यांच्याकडे आले. कुत्र्याचें नांव बडी. त्याचीं मूत्रपिंडें बिघडलीं होतीं. डॉक्टरांनीं बेताचीं पण उत्तम प्रतीचीं प्रथिनें व कमी मीठ असें अन्न स्वतः तयार करून दिलें, व बडीस गुण आला. फ्रँक यांचें सर्व हिंडणें-फिरणें त्या प्राण्यावर अवलंबून असल्यामुळें प्रवासांतहि हें अन्न हवें होतें. तें कांचेच्या बरण्यांतून पाठवावें तर बरण्या फुटत, म्हणून मॉरिस दांपत्यानें घरींच पत्र्याचे डबे भरण्यास आरंभ केला. पुढें इ.स. १९४८ मध्यें कॅन्सस प्रांतांतील एका कारखान्याशीं करार होऊन हें अन्न मोठ्या प्रमाणावर निघूं लागलें. आज पशुवैद्यांच्या सल्ल्यानें मिळणारे जे रोगपरत्वें निरनिराळे डबे व पिशव्या आपण पाहतों, त्यांचा उगम हा असा आहे.

अशा अन्नाचा खरोखर उपयोग होतो काय, ही शंका रास्त आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या अडतीस कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत इ.स. २००२ मध्यें प्रसिद्ध झाला. कांहींस सामान्य अन्न व कांहींस पथ्याचें अन्न देण्यांत आलें. पथ्याच्या अन्नावरील कुत्र्यांत विकार एकाएकीं विकोपास जाण्याचा धोका पुष्कळच कमी आढळला, व तीं अधिक काळ जगलीं. विकाराच्या चार अवस्था मानतात. सामान्यतः दुसऱ्या अवस्थेपासून हें अन्न सुरू करण्याचा सल्ला देतात.

परंतु येथें एक धोका आहे, व तो सांगण्यासाठींच आम्हीं लेखणी हातांत घेतली. खंड्यास मानवलेलें पथ्य पाहून शेजारच्या एका स्नेह्यांनीं तेंच आपल्या कुत्रीस लावण्याचें मनांत आणलें. कारण तीहि 'आजारी' होती. परंतु आजारी हें कांहीं रोगाचें नांव नव्हे. तिचा विकार स्वादुपिंडाचा होता. तेथें मुख्य शत्रु स्निग्धांश. साय, तूप, तळण हीं तिला वर्ज्य. उलट मूत्रपिंडाच्या अन्नांत प्रथिनें बेताचीं ठेवल्यामुळें शक्तीसाठीं स्निग्धांश अनेकदां अधिक घातलेला असतो. एकाचें पथ्य तें दुसऱ्याचें कुपथ्य झालें असतें!

हाच न्याय इतर विकारांस लागू आहे. मधुमेही कुत्र्यास बहुधा इन्सुलिन टोंचावें लागतें. तेथें काय घालावें याइतकेंच केव्हां व किती घालावें यास महत्त्व असतें. रोज त्याच वेळीं, तेंच व तितकेंच अन्न हवें. मधला बिस्किटाचा तुकडा सगळें गणित बिघडवितो. हृदय थकलेल्यास मीठ कमी. यकृत बिघडून ज्याच्या मेंदूवर परिणाम होऊं लागला आहे, त्यास मांसापेक्षां दुधापासूनचीं व सोयाबीनचीं प्रथिनें पुष्कळदां अधिक सोसतात. म्हणजे जें पनीर खंड्यास नको, तें त्यास वैद्य स्वतः सांगतील. मुतखड्याचें तर खड्याच्या जातीवर अवलंबून. एका जातीचा खडा योग्य अन्नानें विरघळूं शकतो, तर दुसऱ्या जातीचा कोणत्याच अन्नानें विरघळत नाहीं. लठ्ठपणा व सांधेदुखी यांवर अन्न कमी करणें हेंच मोठें औषध. लॅब्राडोर जातीच्या अठ्ठेचाळीस कुत्र्यांवर चौदा वर्षें चाललेल्या एका प्रयोगांत, जोडीदारापेक्षां पंचवीस टक्के कमी अन्न मिळालेलीं कुत्रीं सरासरीनें जवळजवळ दोन वर्षें अधिक जगलीं, व त्यांचे सांधेहि उशिरां बिघडले. तेव्हां आधीं रोगाचें नांव, मग पान. हा क्रम कधीं उलटूं नये.

आतां आमच्यासारख्या शाकाहारी घरांचा प्रश्न. आपल्या घरांत कुत्र्यास मांस शिजत नाहीं, म्हणून तें आजारी पडलें, असें कोणी म्हणतात; तर भात-पोळी हें कुत्र्याचें अन्नच नव्हे, असें कोणी दुकानदार ठासून सांगतात. दोन्ही मतें एकांगी आहेत. इ.स. २०१३ मध्यें स्वीडनमधील संशोधकांनीं दाखविलें कीं, मनुष्याच्या सहवासांत आल्यापासून कुत्र्यांत पिष्ट पचविण्याची शक्ति लांडग्यांपेक्षां पुष्कळ वाढली आहे. मांजरास मांसावांचून गत्यंतर नाहीं, तसें कुत्र्याचें नाहीं. शिजवलेला भात त्यास पचतो. मात्र 'पचतो' म्हणजे 'पुरतो' असें नव्हे. नुसत्या वरण-भातावर किंवा दूध-पोळीवर चुना, जस्त, कांहीं जीवनसत्त्वें व आवश्यक स्निग्धाम्लें हीं कमी पडतात. कॅलिफोर्नियांतील विद्यापीठांत कुत्र्यांसाठीं छापलेल्या दोनशें घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हां शंभरांत पंचाण्णव कृतींत निदान एक तरी आवश्यक द्रव्य कमी आढळलें. निरोग्याची ही कथा, मग रोग्याचें काय विचारावें? घरींच शिजवावयाचें असेल तर पशुवैद्यांकडून रोगास व वजनास अनुसरून कृति लिहून घ्यावी, तिच्यांतील पुरवणीची पूड गाळूं नये, आणि अंदाजपंचे न घालतां कांट्यावर तोलून घालावें. ज्या घरीं अंडें चालतें, त्यांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, शिजवलेल्या पांढऱ्यांत प्रथिनें उत्तम व स्फुरद अगदीं थोडें. स्फुरद असतें तें बलकांत.

आपल्या स्वयंपाकघरांतील कांहीं पदार्थ तर निरोगी कुत्र्यासहि घातक आहेत. कांदा व लसूण यांनीं त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षें, मनुका व बेदाणे यांनीं मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडूं शकतात. आणि द्राक्षांतील ज्या आम्लावर अलीकडे संशय घेतला जातो तें चिंचेंतहि भरपूर आहे, चिंच खाऊन कुत्र्यांचीं मूत्रपिंडें बिघडल्याचीं उदाहरणेंहि नोंदलीं गेलीं आहेत. सूनबाईंनीं हें ऐकलें, तेव्हांपासून आमच्या घरीं आमटीचा थेंब खंड्याच्या ताटलींत पडला नाहीं. चॉकलेट, तसेंच साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेल्या गोळ्या, हीं विषेंच समजावीं.

पथ्य सुरू कसें करावें, हेंहि एक शास्त्र आहे. नवें अन्न एकदम घालूं नये. पहिले दोन-तीन दिवस चौथा हिस्सा, मग अर्धें, मग पाऊण, असें सात ते दहा दिवसांत पुरें बदलावें. कुत्र्यास मळमळ किंवा वांती होत असतां नवें अन्न पुढें करूं नये, कारण त्या अन्नाशीं मळमळीची आठवण जोडली जाऊन तें कायमचें नावडतें होतें. अन्न किंचित् कोमट केलें म्हणजे वास सुटतो व खाण्याची इच्छा होते. उपाशी ठेवून वळविण्याचा हट्ट धरूं नये. रोग्यानें पथ्याचें न खाण्यापेक्षां कांहींतरी खाल्लेलें बरें, व अशा वेळीं वैद्यांस विचारून दुसरें अन्न निवडावें. प्रथिनें भयानें अगदींच तोडूं नयेत, अंगावरचें मांस झडतें. मूत्रपिंडाच्या रोग्यापुढें स्वच्छ पाणी अहोरात्र असावें. फार पितो म्हणून तें कधीं उचलूं नये. दर आठवड्यास वजन करून लिहून ठेवावें.

खंड्यास आठव्या-नवव्या दिवशीं नवें अन्न रुचूं लागलें. सर्वांत कठीण गेलें तें आम्हांसच. रात्रीं साय काढतांना तो येऊन पायाशीं बसे व वर पाही. पहिल्या महिन्यांत दोन वेळां आमचा निग्रह ढळला. दोन्ही वेळां नातवानें वही पुढें करून आमच्याकडून तो अपराध लिहून घेतला. पुढें साय काढण्याची वेळच आम्हीं बदलली, आणि त्या वेळीं त्यास अंगणांत एक फेरी मारवून आणूं लागलों. कांहीं दिवसांनीं तो सायीऐवजीं साखळीकडे पाहूं लागला. त्यास साय हवी होती कीं आमची पांच मिनिटें हवीं होतीं, याचा उलगडा आम्हांस तेव्हां झाला.

तो त्यानंतर चौदा महिने जगला. पथ्यानें रोग बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. तो बरा होणारा नव्हताच. परंतु त्यांतील बहुतेक महिने तो आपल्या पायांनीं हिंडला, दारावर भुंकला, व नातवाची शाळेंतून येण्याची वेळ चुकला नाहीं. वही अजून आमच्याजवळ आहे. तिच्या पहिल्या पानावरील आपला रिकामा रकाना पाहिला म्हणजे वाटतें, ती आम्हीं दोन वर्षें आधीं टांगावयास हवी होती.

दारांतल्या कुत्र्यास आम्ही आजहि तुकडा घालतों. त्यांत कांदा-लसूण नसल्याची खात्री मात्र करून घेतों. ज्यांच्या घरीं एखादें मुकें जनावर दीर्घकाळ आजारी आहे, त्यांस आमची एवढीच विनंति कीं, नवें अन्न विकत आणण्यापूर्वीं सात दिवस वही लिहावी, आणि आपला रकाना कोरा राहिल्यास तो एकवार नातवाकडून तपासून घ्यावा.