एपीके: आठवणीत फक्त यादी ठेवणारं टूल

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तू सारखं अल्पाइन अल्पाइन करतोस, पण त्यात सॉफ्टवेअर टाकायचं कसं?" म्हणून आजचा भाग त्यावर. एक सूचना आधीच देतो. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही टाईप करताना इंग्रजीतच करा.

पहिला गोंधळ नावाचा. ॲण्ड्रॉइडवर ॲप ज्या फाईलमधून येतं, तिलाही आपण एपीके म्हणतो. तिचा इथे काहीच संबंध नाही. आजचं एपीके म्हणजे अल्पाइन लिनक्सचं पॅकेज मॅनेजर. प्ले स्टोअरचं काम ते करतं, पण बटणं नाहीत. काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची, की झालं.

अल्पाइन हे एकदम हलकं लिनक्स. कंटेनरमध्ये त्याला 8 एमबीपेक्षा जास्त जागा लागत नाही, आणि डिस्कवर कमीत कमी इन्स्टॉल करायचं तर साधारण 130 एमबी. आपल्या फोनमधलं एखादं ॲप याहून जड असतं. म्हणून जगभर सर्व्हरवर, डॉकरमध्ये ते खूप वापरतात. माझी त्याच्याशी खरी ओळख मात्र ऑफिसात नाही, मालवणात झाली.

माझ्या आत्याची कुंभारमाठला हापूसची बाग आहे. पेट्यांचा हिशोब ती वहीत ठेवायची. कोणी ॲडव्हान्स दिला, कोणाकडून येणं आहे, कोणाला किती डझन पाठवले, सगळं वहीत. 2021 च्या लॉकडाऊनमध्ये मी घरून काम करत होतो, तेव्हा तिला एक जुना लॅपटॉप तयार करून दिला. 32 बिटवाला, रॅम 1 जीबी. त्यावर दुसरं काही धड चालेना, अल्पाइन चाललं. हिशोबासाठी ग्न्युमेरिक टाकलं. मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते, म्हणून 'एपीके ॲड फॉन्ट-नोटो-देवनागरी' केलं आणि अक्षरं आली.

मग 16 मे आला. तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. झाडं पडली, खांब वाकले, वीज गेली, रेंज गेली. आमच्या वाडीत सहा दिवस अंधार. आत्याच्या घराचे नळे उडाले आणि पावसाचं पाणी थेट लॅपटॉपवर. चालूच होईना. आत्याचं पहिलं वाक्य: "अरे, माझो हिशोब खंय गेलो?"

हिशोबाची फाईल मी रोज पेनड्राइव्हवर टाकायला शिकवलं होतं, त्यामुळे ती वाचली. पण ती उघडायची कशावर? चुलतभावाचा एक जुना लॅपटॉप मिळाला, पण तो 64 बिटवाला. म्हणजे जुन्या मशिनवरची सॉफ्टवेअरं उचलून इथे ठेवली असती तरी काही उपयोग नव्हता. बरं, त्या मशिनवर मी महिनाभर काय काय टाकलं होतं, हे मला तरी कुठे आठवत होतं?

इथे एपीकेची खरी गंमत कळते.

चतुर्थीचा बाजार आठवा. आई यादी करते: मोदक, पातोळ्या. ती 'गूळ, खोबरं, तांदळाचं पीठ' असं वेगळं सांगत बसत नाही. मोदक म्हटले की ते आलंच. उद्या ती म्हणाली, "मोदक रद्द," तर गूळ परत करायचा का? नाही, कारण पातोळ्यांना गूळ लागतोच. पातोळ्याही रद्द झाल्या, तरच गूळ नको.

एपीके नेमकं असंच वागतं. 'एपीके ॲड ग्न्युमेरिक' म्हटलं की ते ग्न्युमेरिक हे एकच नाव एका फाईलमध्ये लिहून ठेवतं. त्या फाईलचं नाव 'वर्ल्ड', आणि ती 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एपीके' फोल्डरमध्ये असते. ग्न्युमेरिकला लागणाऱ्या बाकीच्या लायब्ररी ते स्वतः शोधून आणतं, पण यादीत लिहीत नाही. 'एपीके डेल ग्न्युमेरिक' केलं की यादीतलं नाव जातं आणि दुसऱ्या कोणालाच नको असलेला गूळही आपोआप जातो. मशिनवर कचरा साठत नाही.

दुसऱ्या शब्दांत, तुम्ही कधी काय केलंत यावर एपीके चालत नाही. तुम्हाला काय हवंय, हे ते लक्षात ठेवतं आणि दर वेळी मशिन त्या यादीशी जुळवतं. जुळत नसेल, दोन गोष्टींचं एकमेकांशी पटत नसेल, तर ते आधीच एरर देतं आणि मशिनला हात लावत नाही.

माझ्या नशिबाने पेनड्राइव्हवर हिशोबासोबत ती 'वर्ल्ड' फाईलही होती. जेमतेम काही ओळींची. अल्पाइनची आयएसओ माझ्याकडे होतीच. शेजाऱ्यांच्या जनरेटरवर नव्या लॅपटॉपवर अल्पाइन बसवलं. मग बाजारात रेंज आल्याचं कळलं, तसा लॅपटॉप घेऊन तिथे गेलो आणि फोनचा हॉटस्पॉट लावला. नव्या मशिनच्या 'वर्ल्ड'मध्ये जुन्या यादीतली नावं खाली जोडली, 'एपीके अपडेट' केलं आणि नुसतं 'एपीके ॲड' म्हटलं, पुढे कुठलंही नाव न देता. यादीत फक्त नावं असतात, त्यामुळे 32 की 64 बिट हा प्रश्नच आला नाही. त्याने या मशिनला लागतात ती पॅकेजेस आणली. संध्याकाळपर्यंत आत्या येणं कोणाकोणाकडून आहे ते वाचत बसली होती. त्या वर्षी झाडावरचा उरलेला आंबा जमिनीवर गेला होता, त्यामुळे ते येणं हीच तिची उरलेली कमाई होती.

आता मर्यादाही सांगतो, नाहीतर तुम्ही मला शिव्या घालाल.

एक, 'वर्ल्ड' म्हणजे बॅकअप नव्हे. तुमच्या फाईली आणि सेटिंग त्यात नसतात, त्या वेगळ्या जपायच्या.

दोन, पॅकेजेस कुठून आणायची हे 'रिपॉझिटरीज' नावाच्या फाईलमध्ये असतं. तिच्यात 'कम्युनिटी'ची ओळ चालू नसेल तर ग्न्युमेरिकसारखी बरीच पॅकेजेस सापडतच नाहीत. म्हणून ती फाईलही सोबत ठेवा. आणि स्थिर आवृत्तीत 'एज'ची पॅकेजेस मिसळू नका. मी एकदा मिसळली आणि अख्खी रात्र घालवली.

तीन, अल्पाइन नेहमीच्या जीलिबसीऐवजी मसल ही छोटी सी लायब्ररी वापरतं. त्यामुळे इतर लिनक्ससाठी बनवलेली तयार सॉफ्टवेअरं इथे बरेचदा थेट चालत नाहीत.

डेटा मोजून वापरणाऱ्यांसाठी एक टिप: 'एपीके ॲड'नंतर 'डॅश एस' लावा आणि मग पॅकेजचं नाव द्या. ते खरंच काही बसवत नाही, फक्त काय काय येईल ते दाखवतं.

लॅपटॉप नाही? हरकत नाही. आयफोनवर आयएसएच नावाचं ॲप आहे, त्यात अल्पाइनच चालतं. ॲण्ड्रॉइडवर टर्मक्स घ्या. त्याचं स्वतःचं पॅकेज मॅनेजर वेगळं आहे, पण प्रूट-डिस्ट्रोमधून आत अल्पाइन बसवता येतं. तिथे 'एपीके ॲड नॅनो' करा, मग 'वर्ल्ड' फाईल उघडून बघा. आता 'एपीके डेल नॅनो' करा आणि परत बघा. पाच मिनिटांत सगळं डोक्यात बसेल.

आणि काही बिघडायच्या आधी ती छोटी फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेवा. आत्याच्या पेनड्राइव्हवर ती अजून आहे, हिशोबाच्या शेजारी. चला, भेटू पुढच्या भागात!