जिताड्याची पिल्ले आणि प्रतिबंधक लस

रायगड जिल्ह्याच्या खारेपाटात खाडीतील जिताड्याची पिल्ले आणून शेततळ्यांत वाढविण्याची रीत जुनी आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली या माशाचे कृत्रिम प्रजनन साधले आणि बीजोत्पादन केंद्रातील पिल्लांचा मार्ग खुला झाला. परंतु कोवळ्या पिल्लांना ‘व्हायरल नर्व्हस नेक्रॉसिस’ या रोगाचे मोठे भय असते.

या रोगाचा विषाणू पिल्लांचा मेंदू व डोळ्यांतील पडदा पोखरतो. पिल्ले खाणे सोडतात, अंग काळवंडते, ती गरगर फिरू लागतात व पोट वर करून तरंगतात. लहान वयात लागण झाल्यास जवळजवळ सर्व पिल्ले थोड्याच दिवसांत दगावतात. यावर औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत. म्हणून त्यांवरील खर्च व्यर्थ होय.

याच संस्थेने ‘नोडाव्हॅक-आर’ ही लस विकसित केली आहे. हिच्यात जिवंत विषाणू नसतो. त्याच्या आवरणातील प्रथिन तेवढे प्रयोगशाळेत तयार केलेले असते. ते टोचल्यावर माशाचे शरीर शत्रूला ओळखण्यास शिकते.

येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांत रोगप्रतिकारशक्ती पुरती तयार झालेली नसते आणि त्यांना सुई टोचणेही शक्य नसते. विषाणू तर आईकडून अंड्यांतूनही येतो. यासाठी पिल्लांचे रक्षण प्रजनक माशांपासून सुरू करावे लागते. त्यांना लस दिल्याने हा धोका घटतो. बोटुकल्यांना पुढे स्वतंत्र लस देता येते.

लस टोचताना पुढील काळजी घ्यावी :

१. आजारी माशांना लस देऊ नये.
२. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.
३. मासे गुंगीत आणूनच टोचावे.
४. लस थंड जागी ठेवावी, पण गोठू देऊ नये.
५. मात्रा व वय तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. त्यास काही आठवडे लागतात. साथ आल्यावर लस शोधणे म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणे होय. म्हणून बीज घेतानाच प्रजनकांना लस दिली आहे काय व पिल्लांची विषाणूसाठी पीसीआर तपासणी झाली आहे काय, हे शेतकऱ्यांनी अवश्य विचारावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही चौकशी करण्याची सवय गावोगाव लावावी. संशयित बीज स्वस्त मिळाले तरी ते तळ्यात सोडू नये.