गुणिले सत्तावन्न

परदेशात मुलाकडे मुक्कामाला गेलेल्या आईबापांना एक दुखणं हमखास जडतं. गुणाकाराचं. आम्ही ब्रिस्बेनला मुलाकडे निघालो तेव्हा ऑस्ट्रेलियन डॉलरचा भाव साधारण सत्तावन्न रुपये होता. तेवढा एक आकडा घेऊन मी विमानात बसलो आणि उतरल्यापासून दिसेल त्याला सत्तावन्नानं गुणत सुटलो. कोथिंबिरीची जुडी साडेतीन डॉलर, म्हणजे दोनशे रुपये. केस कापायला पस्तीस डॉलर, म्हणजे दोन हजार. उभी हयात बँकेत काढलेला माणूस पाढे विसर म्हटलं तर कुठे विसरतो? मी केस वाढू दिले आणि कोथिंबिरीवाचूनही आमटी बरी लागते, असं म्हणू लागलो.

घरच्यांनी हे सारं हसण्यावारी नेलं. एका रविवारी मात्र ते हसणं संपलं.

त्या दिवशी मुलानं आम्हा सगळ्यांना लोन पाईनला नेलं. हे कोआलांचं जगातलं पहिलं अभयारण्य. पाच जणांची तिकिटं दोनशे डॉलरच्या पुढे गेली. मुलगा पैसे भरत असताना मी मागून म्हणालो, "अकरा-बारा हजार! एवढ्यात आपली गणपतीपुळ्याची फेरी झाली असती." तो काही बोलला नाही. पण त्याची मान जराशी खाली गेली, ते मला दिसलं.

लोन पाईन सुरू झालं १९२७ साली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात क्वीन्सलँडच्या सरकारनं कोआलांच्या शिकारीला मोकळीक दिली होती. कातड्यांना परदेशात मागणी होती आणि गावोगाव लोकांच्या हाताला काम नव्हतं. महिनाभरात सुमारे सहा लाख कोआला मारले गेले. लोक इतके संतापले की तशी मोकळीक पुन्हा कधी मिळाली नाही. पुढे जंगलं तुटत गेली, घरं-रस्ते वाढले, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये या भागातल्या कोआलांची नोंद संकटग्रस्त प्राणी म्हणून झाली. लोन पाईनमध्ये पूर्वी त्यांना कडेवर घेऊन फोटो काढता येई, तेही जुलै २०२४ पासून बंद आहे. एकेकाळी ज्याच्या कातड्याचा घाऊक भाव लागत होता, ते जनावर आता निलगिरीच्या फांदीवर स्वस्थ झोपलं होतं आणि त्याला नुसतं पाहायला माणसं रांगेत उभी होती. मी मात्र तिथेही आकडेमोडच करत होतो.

रात्री ही म्हणाली, "अहो, त्याला तुम्हाला कोआला दाखवायचा होता. तुम्ही त्याला बिल दाखवलंत."

दुसऱ्या आठवड्यात शाळांना वसंताची सुटी लागली. (आपल्याकडे पावसाळा सरत असतो, तेव्हा तिकडे वसंत असतो.) मुलगा आणि सून दोघंही कामावर. मी जाहीर केलं, की नातीला घेऊन आम्ही दोघं दिवसभर शहर पाहणार आणि खर्च माझ्या पेन्शनीतला. मुंबईहून निघताना घेतलेली पन्नास डॉलरची एक नोट पाकिटात तशीच होती. नोट प्लॅस्टिकची. जगात अशा नोटा पहिल्यांदा काढल्या त्या ऑस्ट्रेलियानंच, १९८८ साली. ओल्या स्पंजवर बोट टेकवून नोटा मोजण्यात उमेद घालवलेल्या मला ती फार आवडते. भिजत नाही, फाटत नाही. तिच्या एका बाजूला डेव्हिड उनायपन या आदिवासी लेखक-संशोधकाचं चित्र आहे. निघताना मुलानं हळूच माझ्या खिशात शंभराची नोट सरकवली. मी काही बोललो नाही, पण ती मोडायची नाही असं मनाशी ठरवलं.

पहिला धक्का रेल्वे स्टेशनवर बसला. भाडं माणशी पन्नास सेंट! कितीही लांब जा. आगगाडी, बस, बोट सगळ्याला पन्नास सेंटच. राज्य सरकारनं हे भाडं ऑगस्ट २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या प्रयोगापुरतं लावलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कायम केलं. माझ्या गुणाकारात पहिल्यांदाच साडेअठ्ठावीस रुपये असं सोसवणारं उत्तर आलं.

रोमा स्ट्रीट स्टेशनवर उतरलं की लगत मोठी बाग आहे. पूर्वी इथे रेल्वेचं मालाचं आवार होतं. २००१ साली त्याची बाग झाली. तिकीट नाही, फाटकावर पहारेकरी नाही. बागेत महात्मा गांधींचा पुतळा आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. नमस्कार करून वळतो तो हिनं किंकाळी फोडली. पायवाटेवर तीन फुटांचा एक सरडा मान हलवत उभा!

"आजी, तो वॉटर ड्रॅगन आहे, काही करत नाही," नातीनं धीर दिला. आपल्या बागेतल्या सरड्याच्याच कुळातला हा पाणसरडा. या बागेत ते चिक्कार आहेत आणि विद्यापीठातले लोक वर्षानुवर्षं त्यांचा अभ्यास करतात. चेहऱ्यावरच्या खवल्यांच्या ठेवणीवरून एकेकाला ओळखतात म्हणे. आमच्या शाखेत सह्या ताडून पाहणारा कारकून असे, त्याची मला आठवण झाली.

बाकावर बसलो तर लांब वाकड्या चोचीचा एक पांढरा पक्षी येऊन आमच्या पिशवीची पाहणी करू लागला. आपल्याकडच्या शराटीचाच हा भाऊबंद, पांढरा आयबिस. मूळचा पाणथळीतला. दुष्काळ पडले, पाणथळ जागा आटल्या, तसा तो शहरात आला आणि कचरापेट्यांवर जगू लागला. पोरं त्याला 'बिन चिकन', म्हणजे कचराकुंडीतली कोंबडी म्हणतात. पोट भरायला गाव सोडून शहरात आलेल्यांना नावं ठेवायची रीत सगळीकडे सारखीच.

तिथून चालत आम्ही नदीकाठच्या वनस्पती उद्यानात गेलो. हे १८५५ सालचं. तिथले पहिले अधीक्षक वॉल्टर हिल यांनी १८५८ साली लावलेलं मॅकाडेमियाचं झाड अजून उभं आहे. मॅकाडेमिया म्हणजे आता सुक्या मेव्यात महाग विकली जाणारी बी. मुद्दाम लागवड केलेलं तिचं हे जगातलं पहिलं झाड मानतात. पण माझं लक्ष वेधलं ते झुडपांमागच्या पालापाचोळ्याच्या ढिगानं. ढीग कमरेइतका उंच आणि त्यावर लाल डोक्याचा, पिवळ्या गळ्याचा एक काळा पक्षी पाय झाडत पाचोळा उडवत होता. हा ब्रश टर्की. नर हा ढीग रचतो आणि मादी त्यात अंडी घालून निघून जाते. कुजणाऱ्या पाचोळ्याच्या उबेवर ती उबतात. नर चोच खुपसून ऊब अजमावतो, पाचोळा कमीजास्त करतो. पण पिल्लू बाहेर आलं की त्याला कुणी घास भरवत नाही. ढीग उकरून ते आपलं आपण चालायला लागतं.

"म्हणजे त्याला आई-बाबा भेटतच नाहीत?" नातीनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "देणं नाही, घेणं नाही. खातं उघडलं त्या दिवशीच बंद."

ही माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं झालं आपण पक्षी नाही."

उद्यानाला लागूनच जुनं गव्हर्नमेंट हाऊस आहे. १८६२ साली बांधलेला हा गव्हर्नरांचा बंगला आता फुकट पाहता येतो. १८९६ ते १९०१ या काळात इथे लॉर्ड लॅमिंग्टन राहत होते. हे नाव वाचलं आणि मी दारातच थबकलो. नोकरीची माझी चार वर्षं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेली आहेत. रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं तरी टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडात लॅमिंग्टन रोडच येई. ते हेच गृहस्थ! इथून गेल्यावर १९०३ ते १९०७ ते मुंबईचे गव्हर्नर होते. पुढे १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी मायकेल ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा जखमी झालेल्यांत हेही होते.

मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता झाला, इथे केक झाला. स्पंज केकचा चौकोनी तुकडा, पातळ चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेला, तो लॅमिंग्टन. पहिल्यांदा तो कुणी केला यावर वाद आहेत, पण नाव या लाटसाहेबांवरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. वाटेतल्या एका कॅफेत साडेचार डॉलरला एक, असे तीन घेतले. साडेपाच डॉलरची एक कॉफी आम्ही दोघांनी अर्धी अर्धी घेतली. खोबरं आहे म्हटल्यावर कोकणातल्या बाईला तो आवडणारच. "नारळाच्या वडीनं कोट घातलाय," ही म्हणाली.

गुडविल पुलावरून चालत नदी ओलांडली आणि साउथ बँकेला आलो. सतरा हेक्टरांची, म्हणजे चाळीस एकरांहून मोठी ही बाग नदीच्या काठानं पसरली आहे. मध्ये वाळू पसरून केलेला एक तलाव आहे, त्यात पोरं डुंबत असतात. त्यालाही तिकीट नाही. बागेत जागोजागी सार्वजनिक चुली आहेत. चुली म्हणजे ओट्यात बसवलेले पोलादी तवे. बटण दाबलं की विजेवर तापतात. कुणीही यावं, रांधावं, खावं आणि जाताना तवा पुसून ठेवावा.

सूनबाईनं हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे हिच्या पिशवीत थालिपिठाचं भिजवलेलं पीठ होतं. भाजणी तिथल्याच भारतीय दुकानातली. आधीच्या मंडळींनी तव्यावर काय भाजलं असेल कोण जाणे, म्हणून हिनं त्यावर ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलं, बोटानं भोकं पाडली आणि तेल सोडलं. खमंग वास सुटला. शेजारच्या तव्यावर मक्याची कणसं भाजणाऱ्या एका गोऱ्या आजीबाई हळूहळू आमच्याकडे सरकल्या. त्यांना अर्धं थालीपीठ गेलं, नातीला अर्धं कणीस आलं. "कोथिंबीर असती तर अजून चव आली असती," ही मला ऐकू जाईल असं म्हणाली.

खाता खाता त्या बाईंनी जागेची हकिगत सांगितली. १९८८ साली इथे सहा महिने जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ते संपल्यावर ही जमीन व्यापारी इमारतींसाठी द्यायचा विचार होता. लोकांनी जोर धरला की बाग हवी. सरकारला ऐकावं लागलं आणि जून १९९२ मध्ये बाग खुली झाली. मी बँकेत कर्जासाठी तारण आलेल्या जागांची मूल्यांकनं पुष्कळ वाचली आहेत. समोर नदी, पलीकडे शहराचे मनोरे, अशा एकरांची किंमत काय होईल याचा अंदाज मला होता. पण इथे एक म्हातारी मक्याचं कणीस भाजत होती आणि आमच्याकडून कुणी एक सेंटही मागत नव्हतं. स्वस्तात दिवस घालवायचा म्हणून आम्ही बाहेर पडलो होतो. पण जिथे बसलो होतो ती जागा स्वस्त नव्हतीच. कुणीतरी तिची किंमत पुरती जाणून ती विकायची नाही असं ठरवलं होतं, म्हणून ती आम्हाला फुकट मिळत होती.

संध्याकाळी नातीला पाच डॉलरचं आईस्क्रीम देऊन आम्ही सिटीकॅट नावाच्या बोटीत बसलो. पुन्हा पन्नास सेंट. नदी शहरातून नागमोडी वळणं घेते. १९४० साली बांधलेल्या स्टोरी ब्रिजखालून गेलो तेव्हा दिवे लागत होते. तेवढ्यात आभाळात ठिपके दिसले. दहा, शंभर, मग मोजता येईनात. मोठी फळखाऊ वटवाघळं निघाली होती. यांना इंग्रजीत 'उडते कोल्हे' म्हणतात. दिवसभर झाडांना लटकून झोपतात आणि अंधार पडताना निलगिरीच्या फुलांतला मध प्यायला निघतात. त्यांच्या अंगाला लागून पराग रानभर जातो. बोटीतली सगळी माणसं माना वर करून पाहत होती. मीही पाहत होतो. बोट शेवटच्या धक्क्याला लागली तेव्हा लक्षात आलं, की अर्धा तास मी कशालाच कशानं गुणलेलं नाही.

घरी आल्यावर सवयीनं चिठ्ठीवर हिशेब लिहिला. गाडी आणि बोट, तिघांच्या चार-चार फेऱ्या, सहा डॉलर. लॅमिंग्टन साडेतेरा. कॉफी साडेपाच. आईस्क्रीम पाच. एकूण तीस. शिल्लक वीस. ती चिठ्ठी आणि न मोडलेली शंभराची नोट मुलापुढे ठेवली.

त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली. "बाबा, रुपयांचा रकाना कुठे आहे?"

"राहिला," मी म्हणालो. "लोन पाईनचाही काढून टाक. कोआला छान होता, ते सांगायचं राहून गेलं होतं."

तो हसला. कितीतरी दिवसांनी. मग मी म्हटलं, "रविवारी तुम्ही दोघं नदीवर या. थालीपीठ आमच्याकडून."

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आत मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि साडेतीन डॉलरची कोथिंबिरीची जुडी घेऊन आलो.