काखेतली त्वचा अंगभर

१९८३ मध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात दोन सख्खे भाऊ भाजले. एक पाच वर्षांचा, दुसरा सहा. दोघांची ९५ टक्क्यांहून अधिक त्वचा भाजलेली. एरवी सर्जन मांडीची त्वचा सोलून जखमेवर लावतात. इथे मांडीही धड नव्हती. बॉस्टनच्या डॉक्टरांनी प्रत्येकाच्या काखेतला दोन चौरस सेंटिमीटरचा तुकडा घेतला. पेशीशास्त्रज्ञ हॉवर्ड ग्रीन यांच्या पद्धतीने त्यातून वाढवलेल्या त्वचेने त्यांचं सुमारे निम्मं अंग झाकलं. दोघंही वाचले.

गंमत म्हणजे ग्रीन त्वचेच्या मागे लागलेच नव्हते. एमआयटीत ते आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स ऱ्हाइनवाल्ड उंदराच्या एका गाठीतल्या पेशी वाढवत होते. त्यात त्वचेसारख्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजके उगवले. मग माणसाच्या त्वचेवर तोच प्रयोग झाला आणि १९७५ मध्ये प्रसिद्धही झाला.

तोवर अडचण एकच होती. त्वचेचा तुकडा बशीत ठेवला की त्यातल्या फायब्रोब्लास्ट पेशी तणासारख्या माजत आणि त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी मागे पडत. ग्रीन यांनी बशीत आधी उंदराच्या पेशी पसरल्या. किरणोत्सर्गाचा मारा केल्यामुळे त्या जिवंत राहत, पण त्यांचं विभाजन थांबे. त्यांच्या आधाराने माणसाच्या पेशी भराभर वाढल्या, आणि तणही आटोक्यात राहिलं.

३७ अंश सेल्सिअसला, दर थोड्या दिवसांनी पोषक द्रव बदलत, तीन-चार आठवड्यांत पुंजके एकमेकांना भिडतात आणि थरावर थर चढतो. मग डिस्पेज नावाचं विकर घातलं की अख्खा पापुद्रा तळापासून सुटतो. सुटताच आक्रसतो, म्हणून व्हॅसलीन लावलेल्या जाळीवर अलगद घ्यावा लागतो.

हे तंत्र कुठवर जाऊ शकतं, ते २०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुममध्ये दिसलं. जनुकीय दोषामुळे सात वर्षांच्या एका सीरियन मुलाची त्वचा सोलवटून निघत होती. इटलीतल्या मिकेले द लुका यांच्या चमूने त्याच्याच पेशींत दुरुस्त जनुक घालून त्वचा वाढवली आणि सुमारे ८० टक्के अंगावर ती लावली गेली. ती टिकली.

तरी ही त्वचा अपुरी आहे, हे सांगायलाच हवं. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत, खालचा जाड थर नाही, खर्च अफाट. आणि सर्वांत मोठी अडचण वेळेची. पेशी वाढेपर्यंत उघड्या जखमेतून शरीरातलं पाणी जातं, जंतू आत शिरतात. बॉस्टनमध्येही तोवर मृत व्यक्तींची त्वचाच उपयोगी पडली.

अशी त्वचा आपल्याकडेही जमा होते; मुंबईत शीव रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाय आणि पाठीवरचा पातळ थर काढतात. रक्तगट जुळावा लागत नाही. नेत्रदानाचा अर्ज भरताना त्वचादानाचाही भरा आणि घरच्यांना तसं सांगून ठेवा.