कानानं मोजायचे पक्षी

मे महिन्याचा पहिला आठवडा, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. केंब्रिजशरमधल्या एका गव्हाच्या शेताच्या बांधावर मी उभी आहे. गळ्यात दुर्बीण, हातात चिमट्याचं पॅड, आणि पेन नव्हे, पेन्सिल. दवानं ओल्या झालेल्या कागदावर शाई पसरते, हे पहिल्याच वर्षी कळलं. थंडीनं बोटं बधिर झाली आहेत, पण कानटोपी खिशातच आहे. या कामात कान झाकून चालत नाही. कुंपणाच्या झाडावरून वुडपिजन, म्हणजे इथलं जाडजूड रानकबूतर, पाच अक्षरांत घुमतंय : उठा हो, उठा. उठा हो, उठा. उठलेय रे बाबा, असं मनात म्हणत मी पहिली नोंद करते.

ब्रिटनमध्ये १९९४ पासून दर वसंतात ‘ब्रीडिंग बर्ड सर्व्हे’ होतो. नकाशावरचे एकेक किलोमीटरचे चौरस संगणक चिठ्ठ्या उचलल्यासारखे निवडतो आणि माझ्यासारखे हौशी लोक ते वाटून घेतात. चौरसात एकेक किलोमीटरच्या दोन वाटा आखायच्या, प्रत्येकीचे दोनशे मीटरचे पाच तुकडे पाडायचे, आणि हंगामात दोनदा, निदान चार आठवड्यांच्या अंतरानं, त्या सावकाश चालायच्या. दिसेल, ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी कागदावर उतरवायचा. तो पंचवीस मीटरच्या आत होता, शंभरच्या आत, त्याहून लांब, की नुसताच डोक्यावरून उडत गेला, तेही लिहायचं. पंचवीस मीटर म्हणजे क्रिकेटची खेळपट्टी आणि वर पाच-सहा पावलं, हा माझा हिशेब. पूर्ण नावं लिहायला सवड नसते, म्हणून खुणा ठरलेल्या आहेत : रॉबिनला ‘आर’ आणि पुढे टिंब, रेनला ‘डब्ल्यू-आर’, चिफचॅफला ‘सी-सी’. चौरस चिठ्ठीनं का निवडायचे? माणसांच्या मर्जीवर सोडलं तर सगळे रम्य तळ्याकाठी गर्दी करतील आणि नांगरलेल्या शेताची नोंद कोरीच राहील.

याला पक्षिनिरीक्षण म्हणतात खरं, पण झाडांना पालवी फुटली की निरीक्षण संपतं आणि श्रवण सुरू होतं. माझ्या कागदावरच्या बहुतेक खुणा न दिसलेल्या पक्ष्यांच्या असतात.

हा चौरस मला वारशानं मिळाला. आधी तो आमच्या गावातल्या एका निवृत्त पोस्टमनकडे होता; मी त्यांना आजोबाच म्हणते. आजही ते माझ्या दहा पावलं मागून चालताहेत. त्यांनी मोजणी सोडली, ती पायांमुळे नाही, कानांमुळे. गोल्डक्रेस्ट हा इथला सगळ्यात चिमुकला पक्षी, वजन पाच-सहा ग्रॅम. त्याचं गाणं इतक्या वरच्या पट्टीतलं आणि इतकं बारीक की वय वाढलं की आधी तेच ऐकू येईनासं होतं. एका वसंतात त्यांच्या कागदावरून गोल्डक्रेस्ट नाहीसा झाला. रानात तो होता, हे शेजारून चालणाऱ्या मला ऐकू येत होतं. “आता मी लिहिलं तर ते माझ्या कानांचं मोजमाप होईल, पक्ष्यांचं नाही,” असं म्हणून त्यांनी पॅड माझ्या हातात दिलं.

शिकवायला लागले तेव्हा त्यांनी मला इथल्या परंपरेतल्या युक्त्या सांगितल्या. ग्रेट टिट ‘टीचर, टीचर’ म्हणतो. पिवळ्या डोक्याचा यलोहॅमर ‘थोडासा पाव, चीज मात्र नाही’ अशी कुरकुर करतो. मी घोकलं, पण ऐन वेळी काही आठवायचं नाही. मग लक्षात आलं, की कान मातृभाषेतच ऐकतो. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तेव्हापासून मी या पक्ष्यांच्या तोंडी मराठी घालते. वुडपिजनची ‘उठा हो, उठा’ त्यातलीच. यलोहॅमर माझ्यासाठी किसणीवर भराभर खोबरं किसतो आणि शेवटी एक लांब सुस्कारा सोडतो. बोटभर लांबीचा रेन अख्खं शिवणयंत्र पळवतो.

पहिल्या वाटेवर डोक्यावर चंडोल, पायाशी गहू, असा चारशे मीटरचा पट्टा सरतो आणि कुंपणातून आवाज येतो : छाप-काटा, छाप-काटा, काटा-छाप, छाप-काटा. हा चिफचॅफ. नाणं उडवावं तसे दोनच सूर, पण क्रम मनाला येईल तसा. मार्चमध्येच हजर होणारा हा हिरवट-तपकिरी पक्षी. अगदी तसाच दिसणारा विलो वॉर्बलर आफ्रिकेतून थोडा उशिरा येतो. दोघे हातात घेऊन पाहिले तरी गोंधळ व्हावा, पण विलो वॉर्बलरनं तोंड उघडलं की प्रश्न मिटतो. त्याचं गाणं वरून सुरू होऊन पायऱ्या उतरत येतं आणि खाली येता येता विरून जातं. हॅम्पशरमधल्या सेल्बोर्न गावचा पाद्री गिल्बर्ट व्हाइट यानं अठराव्या शतकात, हाती दुर्बीण नसताना, हे दोघे आणि त्यांचा तिसरा भाऊबंद वूड वॉर्बलर गाण्यावरून वेगळे ओळखले. १७८९ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात ते आहे. कानानं केलेलं विज्ञान ते हेच.

दुसरी वाट तळ्याकाठानं जाते. खडी उपसून झाल्यावर उरलेला हा खड्डा. पाणी साचलं, कडेनं वेत-बोरूसारखं रीड माजलं आणि तळं झालं. इथे दुर्बिणीला जरा काम मिळतं. काळ्या अंगाचा, कपाळी पांढरा टिळा असलेला कूट समोर येतो. भिगवणच्या पाण्यावर हाच पक्षी हिवाळ्यात थव्यानं दिसतो आणि मराठीनं त्याला ‘वारकरी’ हे नाव दिलंय. नाव सात्त्विक, पण इथे वीण चालू असल्यानं दोन वारकरी पाण्यावर पाठीमागे रेलून एकमेकांना लाथा घालताहेत. दोन्ही लाथाड्यांची नोंद मी करते.

रीडमध्ये दोन गायक आहेत, दोघेही अदृश्य. रीड वॉर्बलर म्हणजे बाराखडी पाठ करणारा शहाणा मुलगा : एक सूर दोन-तीनदा, मग दुसरा दोन-तीनदा, लय कुठेच सुटत नाही. सेज वॉर्बलर म्हणजे तोच मुलगा शाळा सुटल्यावर. याच रीड वॉर्बलरच्या घरट्यात कक्कू अंडं घालते. आपल्याकडे कोकिळेनं कावळ्याला फसवावं, तसंच. पलीकडच्या विलोच्या रांगेतून नर कक्कूची हाक येते, घड्याळातल्यासारखी स्वच्छ. तो आफ्रिकेतल्या कांगोच्या खोऱ्यात हिवाळा काढून आलेला असतो. शंभर मीटरच्या पलीकडे, एक.

एक चूक कबूल करायला हवी. दोन वर्षांपूर्वी रानाच्या तोंडाशी मी एक अनोळखी, धातूवर घासल्यासारखा आवाज ऐकला आणि दहा मिनिटं काहीतरी दुर्मीळ सापडल्याच्या आनंदात झुडपाला डोळे लावून बसले. निघाला ग्रेट टिट. आजोबा शांतपणे म्हणाले, “ओळखू आला नाही, तर तो ग्रेट टिटच असतो.” त्याच्याकडे एवढे वेगवेगळे आवाज असतात, की इथल्या जाणत्यांमध्ये ही म्हणच पडली आहे.

आता वाटेचा शेवटचा तुकडा, रानातला. ब्लूबेलची निळाई खोडांमध्ये पसरलीय. स्प्रूसच्या चार झाडांखाली आजोबा थांबतात, मान वर करतात आणि भुवया उंचावून माझ्याकडे बघतात. मी मान हलवते : आहे. सुईच्या टोकानं काचेवर नक्षी काढावी तसा गोल्डक्रेस्ट गातोय. ते थोडा वेळ तिथेच उभे राहतात.

याच तुकड्यावर त्यांच्या १९९६ च्या कागदात एक खूण आहे : ‘एन’ आणि टिंब. नाइटिंगेल.

तो आवाज मी गेल्या आठवड्यात ऐकला, पण इथे नाही. सेंट नीट्सजवळच्या पॅक्स्टन पिट्समध्ये. खडीच्या खाणींच्या जागी झालेलं ते राखीव क्षेत्र ग्रेट औझ नदीच्या काठी आहे. संध्याकाळी उशिरा, काटेरी झुडपांच्या गच्च जाळीतून आधी खोल, एकसारखी साद आली, हळूहळू फुगत गेलेली, मग एकदम घुंगरू सांडल्यासारखा गडगडाट, आणि मग शांतता. ती शांतताही गाण्याचाच भाग वाटावी इतकी मोजून घेतलेली. आपण नाइटिंगेलसाठी ‘कोकिळा’ म्हणतो. गंमत म्हणजे दोन्हीकडे गातो तो नर आणि मान मिळतो मादीला.

ब्रिटनमधले नाइटिंगेल गेल्या अर्धशतकात सुमारे ९० टक्क्यांनी घटले. पश्चिम आफ्रिकेतला हिवाळा आणि तिथवरचा प्रवास यांतल्या अडचणी आहेतच, पण इथलं कारण इथेच उभं राहून दिसतं. नाइटिंगेलला घरट्यासाठी जमिनीलगत दाट जाळी लागते. आमच्या चौरसातल्या या रानात कमरेच्या खाली नजर आरपार जाते. ब्लूबेल सोडले तर कोवळं काही उरलेलं नाही. हरणांनी खाल्लंय.

कागद आवरत असतानाच झाडीतून भुंकल्यासारखा आवाज आला. एक, दोन, तीन, ठरावीक अंतरानं. माझा हात क्षणभर थांबला. सह्याद्रीत हा आवाज आला की वाघ-बिबट्या जवळ असल्याचा इशारा समजून माणसं सावध होतात. हा आपल्या भेकराचाच चिनी चुलतभाऊ, मुंटजॅक. बेडफर्डशरमधल्या वोबर्न इस्टेटीतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेर पडला आणि इंग्लंडभर पसरला. इथे त्याला घाबरायला ना वाघ आहे ना बिबट्या.

“हे मला ऐकू आलं,” आजोबा म्हणाले.

सर्वेक्षणाच्या कागदावर सस्तन प्राण्यांसाठीही जागा असते. तिथे मी मुंटजॅकपुढे एक लिहिलं. ‘एन’ आणि टिंब लिहायचा प्रसंग याही वर्षी आला नाही.