पाठमोऱ्या चंद्राचे वजन

१९६८च्या ऑगस्टमध्ये ‘सायन्स’मध्ये पॉल मुलर आणि विल्यम शोग्रेन या जेपीएल (जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी) या अमेरिकी प्रयोगशाळेतल्या दोघांचा शोधनिबंध आला. चंद्राभोवती घिरट्या घालणाऱ्या लूनर ऑर्बिटर यानांचा वेग ठरावीक जागी किंचित वाढतो नि मग घटतो, हे त्यांनी पकडले होते. ही याने खरे तर अपोलोसाठी उतरण्याच्या जागांचे फोटो काढायला गेलेली. गुरुत्वाचा नकाशा हा वरकड नफा. यान आपल्याकडे येऊ लागले की त्याच्या रेडिओलहरींची वारंवारता चढते, दूर जाताना उतरते. त्यावरून वेग कळतो आणि वेगातल्या बदलावरून खाली दडलेले वस्तुमान. गंमत म्हणजे जादा ओढ डोंगरांवर नव्हती. ती होती इम्ब्रियम, सेरेनिटाटिस अशा सपाट, खोलगट ‘समुद्रां’वर. वस्तुमानाच्या या गाठोड्यांना ‘मॅसकॉन’ हे नाव पडले.

हे प्रकरण केवळ कागदावरचे नव्हते. अपोलो १६ने २४ एप्रिल १९७२ रोजी एक छोटा उपग्रह चंद्राच्या कक्षेत सोडला. वर्षभर तरी टिकेल अशी अपेक्षा होती. मॅसकॉननी त्याची कक्षा अशी पिळली की ३५ दिवसांत तो जमिनीवर आदळला.

पण खरी अडचण वेगळीच होती. यान चंद्रामागे गेले की संपर्क तुटतो. म्हणजे वेग मोजायचा तो फक्त आपल्याकडच्या बाजूला. पलीकडे काय घडले, हे यान पुन्हा उगवल्यावर त्याच्या बदललेल्या कक्षेवरून ताडायचे. जत्रेतून परतलेल्या पोराच्या कपड्यांवरून ते कुठे लोळले हे ओळखावे, तसे. १९९८-९९च्या लूनर प्रॉस्पेक्टरने अलीकडची बाजू झकास उजळली. पलीकडची मात्र ओरखड्यांसारखी, फराटलेलीच राहिली.

ही कोंडी जपानच्या कागुयाने फोडली. २००७ साली निघालेल्या या यानाबरोबर ‘ओकिना’ हा छोटा उपग्रह होता. मुख्य यान चंद्राआड असताना त्याचे संकेत तो पृथ्वीकडे पोहोचवी. गुरुत्वाच्या नकाशात फराट्यांच्या जागी नीट वर्तुळे उमटली. मला या साऱ्या कहाणीतले हेच पान सर्वांत देखणे वाटते.

२०१२मध्ये ग्रेल मोहिमेच्या ‘एब’ आणि ‘फ्लो’ या जुळ्यांनी पृथ्वीवरची भिस्तच कमी केली. एकामागून एक उडत ती परस्परांतले अंतर मोजत. त्यातला बदल सेकंदाला एका मायक्रॉनहून कमी असला तरी टिपत. चंद्राचे कवच सरासरी ३४ ते ४३ किलोमीटर जाडीचे, पूर्वी समजत होतो त्याहून पातळ आणि सुमारे १२ टक्के सच्छिद्र निघाले. १७ डिसेंबरला, उरलेसुरले इंधन जाळून झाल्यावर, दोघांना उत्तर ध्रुवाजवळच्या डोंगरावर आपटवण्यात आले. तिथे पडलेले खड्डे जेमतेम पाचेक मीटरांचे आहेत.