अडीच फुटांचा संसार

महाराष्ट्रातल्या छोट्या रेल्वेंवर लिहायचं म्हटलं की लेखण्या आपोआप माथेरानकडे वळतात. 1907 साली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी डोंगरावर नेलेली ती गाडी मलाही आवडते. पण प्रत्येक दिवाळी अंकात तीच वळणं, तीच माकडं आणि तोच ‘वन किस’ बोगदा! विदर्भातल्या कापसासाठी धावलेल्या शकुंतलेलाही आता बातमीदार भेटू लागले आहेत. मुंबईच्या ट्रामबद्दल तर पुष्कळ लिहून झालं आहे. 1874 ला घोड्यांची, 1907 ला विजेची आणि 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली शेवटची. रूळ उखडले तरी दादर टी.टी., म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नाव मुंबईकरांच्या तोंडी राहिलं, एवढं नोंदवून मी पुढे जातो. मला कुर्डुवाडीला उतरायचं आहे, बार्शी लाइट रेल्वेसाठी.

बार्शी लाइटला ‘खेळण्यातली गाडी’ म्हणणारे काही अभ्यासक मित्र आहेत. चाळीस वर्षं मी त्यांच्याशी भांडतो आहे. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर दिसलं की त्यांना खेळणं दिसतं. त्या रुळांवरून सरकी, कापूस, भुसार आणि अर्धा वारकरी महाराष्ट्र गेला, हे दिसत नाही.

या गाडीचा जनक एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा मूळचा ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेतला माणूस. बार्शीची पेठ मोठी, पण मुख्य लोहमार्ग तिला लांबून टाळून गेलेला. मधली वाट बैलगाड्यांची. रुंद मार्ग टाकण्याएवढा पैसा त्या मुलखातून उभा राहणार नव्हता. कॅलथ्रॉपने हिशेब उलट्या बाजूने मांडला. आधी ठरवलं की एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग यार्डाला 30 पौंड वजनाचे हलके रूळ पुरतात. हाच नियम इंजिनालाही लावला. लीड्सच्या किट्सन कारखान्याने त्याच्यासाठी आठ चालक चाकांची इंजिनं बांधली, म्हणजे वजन वाटलं गेलं आणि ओढही टिकली. लांब बोगी-वाघिणींची चाचणी इंग्लंडमध्येच घेतली गेली आणि 1897 मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. बार्शी रोड म्हणजेच आजची कुर्डुवाडी. रूळ पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर आणि 1927 ला मिरजेला पोहोचले. एकूण 202 मैल. खेळणं मिरजेपासून लातूरपर्यंत जात नाही!

पंढरपूरचा फाटा माझ्या जिव्हाळ्याचा. आषाढीला आजीबरोबर मी त्या गाडीने जात असे. चढण्याआधी ती डब्याच्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची, देवळाच्या पायरीला लावतात तसा. डब्यात पडशा, तुळशीवृंदावनं, पताकांच्या काठ्या, टपावरही माणसं. टाळ डब्याच्या एका टोकाला सुरू झाले की दुसऱ्या टोकाचे त्यांना मिळायचे, आणि गाडी एवढी सावकाश चालायची की रुळाशेजारून जाणाऱ्या दिंडीचा अभंग डब्यातले उचलून धरीत. कोळशाचा कण डोळ्यात गेला की आजी पदराचं टोक फुंकरीने ऊबदार करून डोळ्यावर धरायची. पंढरपूर म्हटलं की आजही मला तो पदर आठवतो.

ही गाडी हळू होती म्हणून गेली, असं म्हणतात. मला ते मान्य नाही. तिचं खरं दुखणं कुर्डुवाडीच्या फलाटावर होतं. तिथे प्रत्येक पोतं अरुंद वाघिणीतून उतरवून रुंद वाघिणीत हमालाच्या पाठीवरून चढवावं लागे. ट्रक आला आणि शेतातलं पोतं थेट अडतीवर जाऊ लागलं, तेव्हा ती हमाली कोण सोसणार? कॅलथ्रॉपने नंतर इंग्लंडमधल्या लीक–मॅनिफोल्ड मार्गावर अख्खी रुंद वाघीणच अरुंद गाड्यावर बसवून नेण्याची सोय केली होती. ती युक्ती वेळेवर कुर्डुवाडीला आली असती तर, हा विचार मला अजून छळतो.

1954 मध्ये सरकारने कंपनी घेतली. नव्या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने रुंदीकरण झालं. ते व्हायलाच हवं होतं, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार जुन्या वस्तूंबद्दल आहे. पितळी पाट्या, टोकन, पुठ्ठ्याची तिकिटं, स्टेशनांच्या नोंदवह्या. एका स्टेशनावर मी स्वतः अशा वह्यांचा गठ्ठा भंगाराच्या ढिगात पाहिला, मागितला, आणि ‘उद्या या’ ऐकून परतलो. दुसऱ्या दिवशी ढीग उचललेला होता.

एप्रिल 2016 मध्ये लातूर तहानलं, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या खेपेला 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. वर्तमानपत्रांनी टाक्या मोजल्या, पाण्याचा हिशेब दिला. पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर ही वाट कोणी आखली, हे मात्र एकाही बातमीत मला सापडलं नाही. मी त्या दिवशी नकाशा काढून मिरजेपासून लातूरपर्यंत बोट फिरवत बसलो होतो.